सर गिल्बर्ट वॉकर : पावसाचा हिशोब मांडणारा गणिती

पावसाळा बदलला ही गोष्ट आजकाल कुणाला पटवून द्यावी लागत नाही. होस्टेलमध्ये कोकणातला, मराठवाड्यातला आणि विदर्भातला असे तीन रूम पार्टनर एकत्र आले की क्रिकेटवरून भांडतील, राजकारणावरून भांडतील, पण पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही यावर तिघांचं चटकन एकमत होईल. मृग कोरडा जातो, ऑगस्टमध्ये ऊन पडतं, आणि दिवाळीचे कंदील लावायच्या वेळेला छत्री शोधावी लागते. आजोबा सांगतात, त्यांच्या वेळी असं नव्हतं. गंमत म्हणजे त्यांचे आजोबाही त्यांना हेच सांगत असणार!

मग खरं काय? ऋतू खरोखर बदलतात, की आपली आठवण आपल्याला फसवते? हा प्रश्न आजचा नाही. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हिंदुस्थानात हाच प्रश्न सरकारदरबारी गेला होता आणि त्याचं उत्तर शोधायची जबाबदारी एका अशा माणसावर आली, ज्याने हवामानशास्त्राचा एक पेपरसुद्धा कधी दिला नव्हता. त्यांचं नाव सर गिल्बर्ट थॉमस वॉकर. आपल्यापैकी ज्यांनी सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरसाठी यूल-वॉकर इक्वेशन्स पाठ केली आहेत, त्यांच्या ओळखीचे हेच ते वॉकर. पण त्या समीकरणांचा आणि आपल्या शेतातल्या पावसाचा किती जवळचा संबंध आहे, हे टेक्स्टबुकात सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

बूमरँगवाला मास्तर

गिल्बर्ट वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधल्या रॉचडेल या गावी झाला. वडील थॉमस वॉकर हे सिव्हिल इंजिनिअर. म्हणजे आपल्या सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. पुढे कुटुंब लंडनजवळ क्रॉयडनला आलं आणि गिल्बर्टचं शिक्षण सेंट पॉल्स शाळेत झालं. लहानपणापासून त्यांना गणिताचा नाद होता, आणि भोवरा, गायरोस्कोप अशा गरगर फिरणाऱ्या वस्तूंचाही. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ते गणित शिकायला गेले आणि १८८९ साली सीनियर रँग्लर झाले. सीनियर रँग्लर म्हणजे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सगळ्यांत पहिला. (आपले रँग्लर परांजपे याच मानाचे मानकरी, बरोबर दहा वर्षांनी, १८९९ साली.)

पण पहिला नंबर काही फुकट मिळाला नाही. अभ्यासाच्या ताणाने वॉकरांची तब्येत इतकी बिघडली की पुढचे काही हिवाळे त्यांना स्वित्झर्लंडमध्ये विश्रांतीसाठी काढावे लागले. तिथे गप्प बसतील तर ते वॉकर कसले! ते बर्फावर स्केटिंग शिकले. परत आल्यावर ट्रिनिटीत फेलो आणि लेक्चरर म्हणून शिकवू लागले. इलेक्ट्रोमॅग्नेटिझमवर काम केलं, अ‍ॅडम्स प्राइझ मिळवलं. आणि जोडीला एक अजब छंद होता. केंब्रिजच्या हिरवळीवर हा प्राध्यापक बूमरँग फेकत असे! फेकलेलं लाकूड परत हातात का येतं, याचं गणित त्यांनी मांडलं आणि १८९७ साली त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध केला. मित्रमंडळीत त्यांचं नावच बूमरँग वॉकर पडलं. बासरीचाही त्यांना फार शौक होता. ती नुसती वाजवण्यात नाही तर ती कशी बनवली की सूर नीट लागतो यातही त्यांनी डोकं घातलं.

असा हा माणूस हवामानखात्यात कसा आला? त्यासाठी आपल्याला दुष्काळाकडे यावं लागेल.

अंदाज चुकला, माणसं मेली

१८७५ साली हिंदुस्थानचं हवामानखातं सुरू झालं. त्याला वर्ष-दोन वर्षं होतात न होतात तोच १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ आला. दख्खन, म्हैसूर, मद्रास इलाखा होरपळून निघाला, लक्षावधी माणसं मेली. सरकारने खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांना विचारलं की पाऊस कसा पडणार हे आधी सांगता येईल का? ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातला बर्फ पाहिला. बर्फ जास्त आणि उशिरापर्यंत टिकला की पुढचा पाऊस कमी, असं त्यांना दिसलं. त्यावरून १८८६ पासून दरवर्षी अधिकृत अंदाज निघू लागला. जगातल्या पहिल्या मोसमी अंदाजांपैकी हा एक.

त्यांच्यानंतर आलेले सर जॉन इलियट यांनी त्यात आणखी बऱ्याच गोष्टींची भर घातली. त्यांचे अंदाज लांबलचक असत, पानंच्या पानं. १८९९ साली त्यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला. झालं उलटंच. त्या वर्षीचा पावसाळा नोंदींमधल्या सर्वांत वाईट पावसाळ्यांपैकी एक ठरला. गुजरात-राजस्थानात त्या दुष्काळाला अजूनही छप्पनिया म्हणतात, कारण विक्रम संवत १९५६ चालू होतं. पुन्हा लाखो माणसं आणि जनावरं गेली. वर्तमानपत्रांनी खात्याला झोडपून काढलं. पुढे काही वर्षं तर पावसाचा अंदाज लोकांपुढे न आणता गुपचूप सरकारला कळवायची पाळी आली.

इलियट निवृत्त होणार होते. खात्याची अब्रू वाचवायची तर नुसता अनुभवी माणूस नको, आकड्यांना घाबरणारा तर नकोच नको. म्हणून बोलावणं गेलं केंब्रिजच्या गणिताच्या लेक्चररला. वॉकरांनी ट्रिनिटीची सुखाची नोकरी सोडली आणि १९०४ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, हिंदुस्थानच्या सगळ्या वेधशाळांचे प्रमुख झाले. त्याच वर्षी ते रॉयल सोसायटीचे फेलोही झाले. हवामानशास्त्राचं औपचारिक शिक्षण शून्य!

नव्या ब्रँचला अ‍ॅडमिशन मिळाल्यावर पहिल्या सेमिस्टरला आपली जी अवस्था होते तीच त्यांची झाली असणार. पण त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे.

सिमल्यातलं आकड्यांचं कारखाना

वॉकरांना आल्याआल्या एक गोष्ट कळली. हवा कशी वाहते याची समीकरणं कागदावर होती, पण ती सोडवून पुढच्या चार महिन्यांचा पाऊस काढणं त्या काळात कुणालाच शक्य नव्हतं. कॉम्प्युटर हा शब्द तेव्हा यंत्रासाठी नव्हे तर हिशोब करणाऱ्या माणसासाठी वापरत. मग त्यांनी दुसरी वाट धरली. कारण कळत नसेल तर निदान नातं तरी शोधू. म्हणजे जगातल्या कुठल्या ठिकाणच्या हवामानाचा आपल्या पावसाशी संबंध आहे, हे आकड्यांनाच विचारायचं.

त्यासाठी कार्ल पिअर्सन यांनी नुकतंच रुळवलेलं हत्यार त्यांनी हातात घेतलं, ते म्हणजे करिलेशन कोइफिशंट. आज आपण कॅल्क्युलेटरवर चार बटणं दाबून किंवा एक्सेलमध्ये एक फॉर्म्युला टाकून ते काढतो. सिमल्याच्या ऑफिसात मात्र हे सगळं हाताने चालायचं. हिंदी कारकुनांची एक फौजच या कामाला लागली होती. जगभरच्या ठाण्यांवरचा हवेचा दाब, तापमान, पाऊस, नद्यांचं पाणी, हिमालयातला बर्फ, अगदी सूर्यावरचे डागसुद्धा. प्रत्येकाची वर्षावर्षांची यादी घ्यायची, सरासरी काढायची, फरक काढायचे, गुणाकार करायचे, बेरजा करायच्या. एका जोडीसाठी एवढं, आणि अशा जोड्या शेकड्यांनी. आपल्याला एक असाइनमेंट हाताने लिहायची तर जिवावर येतं. त्या कारकुनांपैकी बहुतेकांची नावंही आज कुणाला ठाऊक नाहीत, पण जगाच्या हवामानाचा पहिला मोठा नकाशा त्यांच्या लेखणीतून उतरला, हे विसरून चालणार नाही.

यातून वॉकरांनी पावसाच्या अंदाजाचं एक सूत्र तयार केलं. त्यात हिमालयातला बर्फ होताच, पण त्याबरोबर मॉरिशसचा हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतला दाब आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांझिबारचा पाऊसही होता. कुठे झांझिबार, कुठे दक्षिण अमेरिका, आणि कुठे आपली बाजरी! पुढे त्यांच्या हेही लक्षात आलं की अख्ख्या हिंदुस्थानचा पाऊस एकच धरणं चूक आहे. म्हणून द्वीपकल्प, वायव्य आणि ईशान्य असे तीन भाग त्यांनी वेगळे केले. लांबलचक वर्णन बंद झालं, आणि आकड्यांवर उभा असलेला नेमका अंदाज आला.

योगायोगाची भीती

आता इथे एक गोम आहे, आणि ती आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी नीट समजून घ्यायला हवी. समजा तुम्ही शंभर वेगवेगळ्या गोष्टींचा संबंध आपल्या मार्कांशी जोडून पाहिला. मेसची भाजी, बुटांचा रंग, बसचा नंबर, काहीही. त्यातल्या चार-पाच गोष्टींचा मार्कांशी छान संबंध निघेलच, निव्वळ योगायोगाने! मग तुम्ही म्हणणार, वांग्याची भाजी असली की पेपर सोपा जातो. इथे हसू येतं, पण पावसाच्या बाबतीत हीच चूक भलेभले करत होते. एखादं नातं सापडलं की बाकीची नव्व्याण्णव न जुळलेली नाती विसरून जायची.

वॉकरांनी १९१४ साली यावरच एक निबंध लिहिला. पुष्कळ संबंध तपासून त्यातला सर्वांत मोठा निवडला असेल, तर तो खरा मानायला नेहमीपेक्षा कडक कसोटी लावली पाहिजे, आणि ती कसोटी किती कडक असावी याचं गणित त्यांनी मांडून दिलं. ही कसोटी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे स्वतःच्या हातातलं हत्यार कुठे दगा देईल, हे त्यांनी स्वतःच आधी सांगून ठेवलं. आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये न जुळलेली रीडिंग हळूच गाळायचा मोह झाला की वॉकरांची आठवण काढावी.

हवामान बदललंय का हो?

आता येऊ या मूळ प्रश्नाकडे. १८९९ नंतर १९०१, १९०४ आणि १९०५ ही वर्षंही दुष्काळाची गेली. इतकी वाईट वर्षं लागोपाठ आल्यावर लोकांचा धीर सुटणारच. हिंदुस्थानचं हवामान कायमचं कोरडं होत चाललंय, अशी चर्चा सगळीकडे सुरू झाली. कोणी म्हणे जंगलं तोडली म्हणून, कोणी म्हणे कालवे काढले म्हणून. हा काही नुसत्या गप्पांचा विषय नव्हता. पाऊस खरंच कायमचा कमी होणार असेल तर पिकं बदला, सारा बदला, कालव्यांचे आराखडे बदला. आणि तो परत येणार असेल तर घाबरून घेतलेला निर्णय महाग पडणार.

वॉकरांनी जुन्या नोंदी काढल्या. पाऊस मोजायला सुरुवात झाल्यापासूनचे जे जे भरवशाचे आकडे मिळाले ते तपासले आणि १९१० साली आपला निष्कर्ष हवामानखात्याच्या मेमॉयर्समध्ये छापला. त्याचा सारांश असा की पाऊस काही वर्षं कमी झाला हे खरं, लोक खोटं बोलत नाहीत. पण हवामान कायमचं बदललं असं म्हणायला नोंदींमध्ये पुरावा नाही. हे चढउतार आहेत. आज उतार आहे, उद्या चढ येईल.

हे उत्तर देणं सोपं नव्हतं. लोक उपाशी असताना, सगळे एका सुरात बोलत असताना, पुरावा नाही असं म्हणायला हिंमत लागते. पण काळाने त्यांना बरोबर ठरवलं. आज दीडशे वर्षांच्या नोंदी पाहिल्या की दिसतं, भारतीय पावसाळ्याला साधारण तीस-तीस वर्षांच्या बऱ्या-वाईट पाळ्या असतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून १९३० च्या आसपासपर्यंतची पाळी दुष्काळांची होती, त्यानंतरची तीस-एक वर्षं चांगल्या पावसाची गेली. वॉकर बरोबर उताराच्या मध्यावर उभे होते आणि तरीही त्यांनी उताराला दरी म्हटलं नाही.

यातून आपल्या रोजच्या बोलण्यालाही एक धडा मिळतो. आपल्या देशाचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस सुमारे ८७ सेंटिमीटर आहे आणि तो एरवीही दरवर्षी सरासरी दहा टक्के इकडेतिकडे होतो. एका गावाचा तर याहून कितीतरी जास्त. त्यामुळे दोन-चार वर्षांच्या आठवणीवरून ऋतू बदलला म्हणणं म्हणजे दोन चेंडू खेळून बॅट्समनची सरासरी काढण्यासारखं आहे. मोठी यादी लागते. आणि ती यादी कुणीतरी रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकापाशी जाऊन, पावसात भिजत, लिहून ठेवलेली लागते.

मद्रासचा कारकून

वॉकरांच्या आयुष्यातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९१३ च्या फेब्रुवारीत ते कामानिमित्त मद्रासला गेले होते. तिथल्या पोर्ट ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी (हेही इंजिनिअरच!) आपल्या ऑफिसातल्या एका कारकुनाच्या गणिताच्या वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. महिना तीस रुपये पगाराचा कारकून, कॉलेजच्या परीक्षेत नापास झालेला, डिग्री नाही. वॉकरांचा विषय तो नव्हता, पण सीनियर रँग्लरची नजर होती. हे काम केंब्रिजच्या कॉलेजातल्या फेलोच्या तोडीचं आहे, हे त्यांनी ओळखलं आणि लगेच मद्रास विद्यापीठाला पत्र लिहिलं की या मुलाला पोटाची चिंता न करता गणित करू द्या. विद्यापीठाने नियम वाकवून महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. केंब्रिजच्या हार्डींचं नाव सगळ्यांना माहीत असतं, सिमल्याच्या या हवामानवाल्याचं फारसं कुणाला नसतं.

पॅसिफिकचा तराजू

पहिलं महायुद्ध आलं आणि गेलं. १९१८ साली पुन्हा मोठा दुष्काळ पडला. त्याच वर्षी वॉकर इंडियन सायन्स काँग्रेसचे अध्यक्ष होते. सिमल्यातले हिशोब चालूच होते. आग्र्याला १९१४ मध्ये वरच्या थरातली हवा तपासण्यासाठी वेधशाळा सुरू झाली होती. वॉकर स्वतः सिमल्याच्या डोंगरावर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांकडे बघत बसत, पंख न हलवता ते वर कसे चढतात याचा विचार करत. म्हणजे नजर आभाळाकडेच, पण आकड्यांचं बोट धरून.

या सगळ्या हिशोबातून १९२३-२४ च्या सुमारास एक चित्र स्पष्ट झालं. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत तो कमी होतो. आणि तिकडे कमी झाला की इकडे वाढतो. तराजूची दोन पारडीच जणू. एक वर, एक खाली. याला त्यांनी सदर्न ऑसिलेशन हे नाव दिलं. अटलांटिकच्या उत्तरेला आणि पॅसिफिकच्या उत्तरेला अशी आणखी दोन पारड्यांची जोडी त्यांनी दाखवली. आपल्या बाजूचं पारडं कुठे आहे यावर आपल्या पावसाचं पुष्कळ काही ठरतं, हेही दिसलं. पण तराजू हलवतं कोण? हे मात्र त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांच्याकडे समुद्राच्या पाण्याचे पुरेसे आकडेच नव्हते.

१९२४ मध्ये ते निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांना सर ही पदवी मिळाली. नंतर लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दहा वर्षं हवामानशास्त्राचे प्राध्यापक होते. तिथेच १९३१ साली त्यांनी, एखाद्या मालिकेतला आजचा आकडा कालच्या-परवाच्या आकड्यांवर किती अवलंबून असतो याचा निबंध लिहिला. यूल यांनी सूर्यावरच्या डागांसाठी १९२७ मध्ये सुरू केलेली गोष्ट वॉकरांनी डार्विन बंदराच्या हवेच्या दाबाला लावली आणि पुढे नेली. यूल-वॉकर इक्वेशन्स ती हीच. आज मोबाइलवर आपला आवाज दाबून छोटा करून पाठवण्याच्या तंत्रात हेच गणित कामाला येतं. पावसासाठी पेरलं, ते असं भलतीकडे उगवलं!

४ नोव्हेंबर १९५८ रोजी, नव्वदाव्या वर्षी वॉकर वारले. त्या वेळी हवामानशास्त्रज्ञांमध्ये त्यांच्या कामाबद्दल फारशी आस्था उरली नव्हती. नाती सापडली, पण कारणं नाहीत; त्यातून जागतिक हवामानाचा सिद्धांत काही उभा राहिला नाही, असाच सूर होता. अंदाजाच्या सूत्रातली काही नातीही काळाच्या ओघात सैल पडली होती.

पुढे अकराच वर्षांनी, १९६९ मध्ये, याकोब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने कोडं सोडवलं. एरवी इंडोनेशियाजवळ समुद्र गरम असतो, तिथे हवा वर चढते. पेरूच्या किनाऱ्याकडे पाणी थंड, तिथे ती खाली उतरते. आणि समुद्रावरून वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. एल निनोच्या वर्षी गरम पाणी पूर्वेकडे सरकतं, वारे मंदावतात, हवा चढायची जागाच बदलते आणि आपल्याकडचा मान्सून बहुधा अशक्त होतो. म्हणजे तराजू हलवणारा हात समुद्राचा होता. हवेच्या या चक्राला ब्यर्कनेस यांनी वॉकर सर्क्युलेशन असं नाव दिलं. १८७७, १८९९, १९१८, आणि आपल्या आईवडिलांच्या तोंडी असलेला १९७२, ही सगळी एल निनोची वर्षं होती. तरी हे नातं पक्कं नाही. १९९७ मध्ये एल निनो जबरदस्त होता आणि पाऊस चक्क सरासरीएवढा झाला!

आणि आता?

वॉकर गेले तेव्हा सिमल्याचं ऑफिसही सिमल्याला नव्हतं. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय पुण्याला आलं आणि शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजतागायत सिमला ऑफिस म्हणतात. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथेच राहिलं. वॉकरांची पद्धतही राहिली. डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं १६ घटकांचं मॉडेल १९८८ पासून वापरात आलं, ते याच घराण्यातलं. चौदा-पंधरा वर्षं ते चाललं. २००२ मध्ये सरासरीइतका पाऊस सांगितला गेला आणि झाला ८१ टक्के, जुलै तर जवळजवळ अर्धा कोरडा गेला. मग मॉडेल बदललं. आज समुद्र आणि हवा दोन्हींची समीकरणं महासंगणकावर सोडवून अंदाज काढतात. वॉकरांना जे अशक्य होतं ते आता होतं, तरी चुका होतातच.

पण मूळ प्रश्नाचं उत्तर आता काय आहे? वॉकरांच्या काळापासूनची यादी शंभर वर्षांनी लांबली आहे, आणि तीच कडक कसोटी लावून शास्त्रज्ञ सांगतात की या वेळी गोष्ट वेगळी आहे. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढलं. मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीने वाढल्या, हे दाखवणाऱ्या २०१७ च्या अभ्यासाचं नेतृत्व पुण्याच्या पाषाणमधल्या आयआयटीएमने केलं. २०२० मध्ये हवामानखात्याने मान्सूनच्या तारखाच बदलल्या. जुन्या तारखा १९०१ ते १९४० च्या नोंदींवर होत्या. मुंबईत मान्सून पोचायची तारीख एकाच दिवसाने पुढे गेली, १० ची ११ जून. पण मुंबईतून परत फिरायची तारीख २९ सप्टेंबरवरून थेट ८ ऑक्टोबर झाली. म्हणजे दिवाळीतल्या छत्रीची तक्रार अगदीच हवेतली नाही. २०२३ चा ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

तरी सावध राहायला हवंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही नाही. एका घटनेवरून, एका गावावरून, एका वर्षावरून सिद्धांत मांडायचा नसतो. तसंच, शंभर वर्षांच्या यादीत कल स्पष्ट दिसत असताना हे तर नेहमीचंच म्हणून खांदे उडवायचे नसतात. १९१० मध्ये पुरावा नव्हता म्हणून वॉकर नाही म्हणाले. आज त्यांच्यापुढे हीच यादी ठेवली असती तर तापमान आणि अतिवृष्टीच्या रकान्यांपुढे हो लिहिताना ते कचरले नसते, असं आम्हाला वाटतं. कारण त्यांची निष्ठा उत्तराशी नव्हती, यादीशी होती.

उद्या आपल्यातलेच कोणी धरणाचा सांडवा डिझाइन करतील, कोणी शहराची गटारं, कोणी सोलर प्लँट, कोणी पीकविम्याचं सॉफ्टवेअर. कोडबुकातला शंभर वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस आपण तसाच उचलून घेणार, की त्यामागची यादी कुठपर्यंतची आहे हे विचारणार? कागदावरचा हा एक आकडा जुना निघाला तर पाणी कुणाच्या घरात शिरतं, हे आपण पाहिलेलं आहे. आपल्या कॉलेजच्या गच्चीवर एक साधा पर्जन्यमापक बसवायला फार खर्च येत नाही. प्रत्येक बॅचने तो रोज सकाळी साडेआठला वाचायचा, वहीत लिहायचा आणि जाताना वही पुढच्या बॅचला द्यायची. तीस वर्षांनी ती वही कुणाच्याही आठवणीपेक्षा जास्त खरं बोलेल.